पट्टीच्या अलीकडे

आमच्या घरात हॉल संपून पॅसेज सुरू होतो, त्या जागी फरशीवर एक पांढरी पट्टी आहे. होती, असं म्हणायला हवं. चिकटपट्टी कधीच निघून गेली, आता उरलाय तो तिच्या डिंकाचा करडा डाग. घरकामाला येणाऱ्या ताई दर दिवाळीला तो डाग घासायला बसतात आणि दर दिवाळीला सासूबाई दिवाणावरून त्यांना अडवतात. "राहू दे ती. देवाची हाय." ताई माझ्याकडे बघतात. मी काही ऐकलंच नाही असं दाखवून कपड्यांच्या घड्या घालत राहते, कारण ती पट्टी देवाची नाही, माझी आहे. मी स्वतः गुडघ्यांवर बसून ती चिकटवली होती आणि तिच्यावरून मला त्या वर्षी पुष्कळ मनस्ताप झाला होता.

मी फिजिओथेरपी शिकवते. माणसानं हालचाल करत राहावी हे सांगण्यावर माझं पोट आहे. खांदेश्वरला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचा फ्लॅट आहे. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहे, दिवसभर ट्रक आणि ड्रायव्हर यांच्याशी त्याचं भांडण चालू असतं. सासूबाई उरणकडच्या. त्यांचं तरुणपण मिठागरात गेलं. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन, हातभर रुंद बांधावरून, अनवाणी. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, मुलानं फ्लॅट घेतला आणि त्या लिफ्टच्या इमारतीत राहायला आल्या. मी कराडकडची. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्यांचं बोलणं मला अर्धंच कळायचं आणि माझं बोलणं त्यांना पुस्तकातलं वाटायचं. तरी आमचं जमलं. का जमलं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांना कंपवात आहे. हात थरथरतात हे सगळ्यांना दिसतं, पण खरा त्रास पायांचा. चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दाराच्या चौकटीत किंवा अरुंद जागेत. पुढं जायचंय, मनात जायचंय, पण पाऊल उचलत नाही. असं झालं की माणूस तोल जाऊन पडतो, पडला की मांडीचं हाड मोडतं आणि मग अंथरूण. सासूबाईंना मरणाची भीती नव्हती, त्या अंथरुणाची होती. त्यांनी स्वतःच्या सासूचं सगळं अंथरुणात केलं होतं, वर्षानुवर्षं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी रिक्षातून येताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाय, काय पन् कर, मना झोपवून ठेवू नको." मी हो म्हटलं. असं हो म्हणणं किती जड असतं हे आमच्या धंद्यातल्या माणसाला तरी ठाऊक असायला हवं होतं, पण त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही खांदेश्वरच्या तळ्याकाठच्या देवळात जायचो. त्यांच्यासाठी ते शंकराचं दर्शन, माझ्यासाठी तो त्यांचा आठवड्याचा सगळ्यात लांबचा फेरफटका. त्या आत जायच्या. मी बाहेर पायरीवर बसून फोन बघायची. आत किती वेळ लागतो याकडे माझं लक्ष असायचं, त्या आत काय करतात याकडे नसायचं.

मग टाळेबंदी लागली. देऊळ बंद, तळं बंद, सोसायटीची बागही बंद. गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली कमिटीच्या सेक्रेटरींच्या खिशात गेली. ग्रुपवर रोज नवा नियम यायचा. ज्येष्ठांनी लिफ्टमध्ये येऊ नये, ज्येष्ठांनी जिन्यात थांबू नये, ज्येष्ठांनी पार्किंगमध्ये फिरू नये. ज्येष्ठांनी काय करावं हे मात्र एकाही मेसेजमध्ये नव्हतं. मी ग्रुपवर तसं लिहिलं तेव्हा सेक्रेटरींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यावर आणखी दहा जणांनी हात जोडले आणि विषय संपला.

नवऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात बॅग भरली. ट्रक बंद नव्हते, त्याचं ऑफिसही बंद नव्हतं. "सतरा गावचे ड्रायव्हर येतात तिकडं," तो म्हणाला. "मी रोज घरी यायचं आणि आयेला आजार द्यायचा, एवढं टेन्शन मला नाय जमनार." त्यानं कळंबोलीतच ऑफिसच्या वरच्या खोलीत गादी टाकली. संध्याकाळी मोटारसायकलवरून यायचा, गेटबाहेर उभा राहून वर बघायचा. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून हात हलवायच्या. हात तर त्यांचा एरवीही हलायचा, त्यामुळे तो आला आणि गेला तरी त्यांचा निरोप चालूच असायचा. हे मी तेव्हा त्याला फोनवर सांगून हसवायचा प्रयत्न केला होता. तो हसला नाही, मग मीही हसले नाही.

तर घरात आम्ही दोघीच राहिलो, आणि नेमकं तेव्हाच माझ्या गळ्यात ते काम पडलं. आमच्या विभागप्रमुख मॅडमचा फोन आला. साथीच्या काळात लोकांच्या शारीरिक हालचालीवर जगभरात जे संशोधन छापून येतंय ते वाचून, संशोधन कुठून कुठं चाललंय याचा आढावा घ्यायचा. विद्यार्थी घरी, वॉर्ड बंद, तेव्हा मोकळाच वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. मोकळ्या वेळात माझ्यामागे स्वयंपाक, भांडी, लादी, ऑनलाइन तास आणि सासूबाई एवढंच होतं.

पण खरं सांगायचं तर त्या कामानं मला सावरलं. डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून मी जगभरातल्या लोकांचं बसणं-उठणं वाचायला लागले. सुरुवातीच्या लेखांत सगळ्यांना एकच धसका होता, माणसं थांबली. फोनमधल्या मोजणीवरून, घड्याळांवरून, प्रश्न विचारून, जो तो हेच सांगत होता की लोक चालायचे थांबलेत आणि बसून राहिलेत. मग हळूहळू लेखांचा सूर बदलला. घरच्या घरी काय करता येईल, व्हिडिओवरून व्यायाम शिकवता येतो का, खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन काय काय होतं. त्यानंतर लोकांच्या मनाचं आणि झोपेचं यायला लागलं, कारण जे हलत होते ते जरा बरे झोपत होते म्हणे. मग म्हातारी माणसं आली. आणि पुढे, आजारातून उठलेल्यांना पुन्हा चालतं कसं करायचं, याचे ढीगच्या ढीग. तो ओघ बघताना मला गंमत वाटायची. लिहिणारेही कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी डायनिंग टेबलावर अडकलेले असणार. कुणाची तरी आई त्यांच्याही मागून पाय घासत जात असणार. लेखात तसं कुणी लिहीत नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसांचे लेख जरा जास्त काळजीनं लिहिलेले वाटायचे, किंवा मीच ते तसे वाचत होते.

एकदा सरावासाठी म्हणून मी अशा लेखांतली प्रश्नावली सासूबाईंना विचारली.

"आई, तुम्ही व्यायाम करता?"

"मना कुठं येतोय व्यायाम?"

"फिरायला जाता?"

"तू सोडतेस का?"

"घरातली कामं?"

"तू करू देतेस का?"

"मग दिवसभर काय करता?"

"देवाचं करते," त्या म्हणाल्या. "पन् ते तुझ्या कागदावर नसनार."

नव्हतंच. मी 'हालचाल नाही' असं उत्तर गृहीत धरलं आणि मला एकदम भीती वाटली. कारण ते खरं होतं. सोमवारचं देऊळ गेल्यापासून त्यांची पावलं लहान होत चालली होती, दिवाणावरून उठताना त्या आता दोनदा झोका घेत होत्या. जगभरचे लेख जे सांगत होते ते माझ्या पाठीमागे दहा फुटांवर घडत होतं.

मग मी पट्टी आणली. म्हणजे नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं ऑफिसातली पार्सलवर लावायची पांढरी चिकटपट्टी वॉचमनकडे देऊन वर पाठवली. कंपवाताच्या माणसासमोर फरशीवर आडवी रेघ ओढली की तिला ओलांडायला म्हणून त्याचं पाऊल उचलतं. आपण होऊन न उचलणारा पाय रेघ दिसली की उचलतो. हे आम्ही शिकवतो, वॉर्डात करून दाखवतो, बघणाऱ्याला जादूच वाटते. आमच्या घरात सरळ लांब जागा म्हणजे पॅसेज. सासूबाईंचा दिवाण हॉलमध्ये, त्यांचं बाथरूम स्वयंपाकघराच्या बाजूला, त्यामुळे पॅसेजकडे त्यांचं काही काम नसायचं. तो आमच्या बेडरूमकडे जातो. मी ठरवलं, पॅसेजच्या तोंडाशी आधी एकच पट्टी मारायची, सवय झाली की पुढे आणखी. एका रविवारी त्या दुपारच्या झोपेत असताना मी भिंतीपासून भिंतीपर्यंत झकास सरळ पट्टी मारली. उठून त्यांनी ती बघितली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की मला वाटलं, जमलं.

जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्या दिवाणापासून निघाल्या, भिंतीला बोटं टेकत पट्टीपर्यंत आल्या आणि थांबल्या. मी पॅसेजमध्ये उभी राहून म्हटलं, "या, पुढे या." त्या थांबल्या, उलट फिरल्या आणि परत गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. पट्टीपर्यंत यायच्या, थांबायच्या आणि वळायच्या. मी प्रेमानं सांगून बघितलं, जरा आवाज चढवून सांगून बघितलं, टाळ्या वाजवून ठेका धरला. "मोठं पाऊल टाका आई, पुढे या." त्या माझ्याकडे शांतपणे बघायच्या आणि वळायच्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना चालवलं, आणि स्वतःच्या घरात माझी रेघ चालत नव्हती. रात्री भांडी घासताना मला रडू यायचं. मला दिसत होतं ते एकच, आजार पुढे गेलाय. रेघेलाही पाय दाद देत नाही म्हणजे आता फार दिवस उरलेले नाहीत. आणि मी त्यांना रिक्षात हो म्हटलेलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आठवडाभर बघा, तसंच राहिलं तर सोमवारपासून गोळी वाढवू. मला ते नको होतं. मागे एकदा गोळी वाढवली होती तेव्हा सासूबाईंना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या होत्या. दोन दिवस त्या भिंत पुसत होत्या. पण पडण्यापेक्षा मुंग्या बऱ्या, असं मी मनाशी म्हटलं. नवऱ्यानं गोळ्यांचं नवं पाकीट वॉचमनकडे दिलं.

सोमवारी सकाळी मी वाढवलेली गोळी वाटीत काढून ठेवली. त्या आंघोळ करून आल्या, हॉलमधूनच देवघराला हात जोडून उभ्या राहिल्या. आमचं देवघर पॅसेजच्या तोंडाशीच भिंतीवर लावलेलं आहे. मग त्या पट्टीकडे निघाल्या. मी शेवटचा प्रयत्न म्हणून पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत म्हणाले, "आई, ही पट्टी ओलांडा. ओलांडायलाच मारलीय मी ती."

त्या पट्टीशी येऊन थांबल्या.

"काय बोलतेस बाय तू," त्या म्हणाल्या. "पन्हळ कशी वलांडू?"

मला काही कळलं नाही. त्यांनी थरथरत्या बोटानं देवघराकडे दाखवलं. देवघरात त्यांची पितळेची लहानशी पिंड आहे. पिंडीवर ओतलेलं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ बरोबर पट्टीच्या दिशेनं होती. पट्टी भिंतीला जिथं टेकली होती ती जागा बरोबर तिच्या खाली. म्हणजे पिंडीवरचं पाणी खाली सांडून वाहत गेलं असतं तर नेमकं माझ्या पट्टीवरून गेलं असतं. आणि शंकराची प्रदक्षिणा पुरी करत नाहीत. पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथून उलट वळायचं. हे मलाही लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. वर्षानुवर्षं देवळाच्या पायरीवर बसून फोन बघता बघता मी ते विसरून गेले होते.

"मग तुमचा पाय अडत नाही इथं?"

"पाय कशाला अडेल? देव अडवतो."

"अहो, मग मी रोज पुढे या, पुढे या करतेय, तेव्हा बोलला का नाहीत?"

"मना वाटलं, तुमच्याकडं ही रीत नसेल." मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, "तू माझं देऊळ बंद झालं म्हनून मारलीस ना ती पट्टी? मी लेकाला फोनवर सांगितलं, सुनेनं मना घरात देऊळ करून दिलं."

मी खाली बसले. पट्टीच्या पलीकडे, फरशीवर, तशीच. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. सासूबाई पट्टीच्या अलीकडे उभ्या राहून काळजीनं माझ्याकडे बघत होत्या. जवळ यायचं तर पन्हळ आडवी, त्यामुळे तिथूनच विचारत होत्या, "काय झालं बाय? काय झालं तुना?"

वाटीतली गोळी मी परत पाकिटात घातली. डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, आहे तीच गोळी चालू ठेवा आणि आहे तेच चालणंही.

त्या सोमवारपासून मी नीट बघायला लागले. त्या देवघराखालच्या पट्टीपर्यंत जात, वळत, हॉल ओलांडून गॅलरीच्या दारापर्यंत जात, वळत आणि परत. "पुरी नाय होत," त्या म्हणायच्या, "पन् देवाला ठाव हाय जागा लहान हाय." आणि माझ्या ध्यानात आलं की कंपवाताच्या माणसाला सगळ्यात अवघड काय असेल तर वळणं. सरळ चालताना ती माणसं सांभाळतात आणि वळताना पडतात. माझी सासू मात्र पट्टीशी येऊन, भिंतीला बोटं लावून, बारीक बारीक पावलांनी अर्धगोल काढून रोज कितीतरी वेळा वळत होती. मिठागराच्या बांधावर टोपली घेऊन वळणाऱ्या बाईचे पाय होते ते. मी त्यांना काही शिकवलं नाही. फक्त वाटेतलं टीपॉय उचलून गॅलरीत ठेवलं.

एका रात्री मी लॅपटॉप उघडून लेखांमध्ये शोधलं. फावल्या वेळातली हालचाल होती, कामावरची होती, घरकामातली होती, येण्याजाण्यातली होती. देवाभोवतीची कुठंच नव्हती. जगात किती माणसं बंद घरात कशाकशाभोवती फिरत असतील, आणि विचारल्यावर 'व्यायाम नाही' असं प्रामाणिकपणे सांगत असतील, असं मनात आलं. आढाव्यात मी त्यावर एक वाक्य घातलं. मॅडमनी ते काढलं. "हे तुझ्या घरातलं आहे गं," त्या म्हणाल्या, "वाचलेल्या लेखांतलं नाही." त्यांचं बरोबर होतं. आढावा म्हणजे इतरांनी काय बघितलं ते सांगणं. तरी मी दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलले.

मधले काही महिने बरे गेले. नवरा घरी आला, गच्चीचं कुलूप निघालं. देवळंही उघडली, पण सासूबाई देवळात गेल्या तरी घरची अर्धी प्रदक्षिणा सोडेनात. "सवय लागलीय," म्हणायच्या. कुणाला, ते सांगायच्या नाहीत. मग पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा उसळली. नवरा पुन्हा गादी घेऊन कळंबोलीला गेला आणि मला कॉलेजच्या वॉर्डात बोलावणं आलं, आजारी माणसांना श्वासाचे व्यायाम द्यायला. इतके दिवस ज्यांच्यावर वाचलं होतं ती माणसं समोर पडलेली होती. घरी आल्यावर मी दारातच कपडे बदलायचे, सासूबाईंपासून लांब बसायचे, मास्क लावूनच वाढायचे. व्हायचं ते झालंच. एका संध्याकाळी मला ताप भरला.

तपासणीत सासूबाई पॉझिटिव्ह निघाल्या नाहीत, मी निघाले. आणि त्याच दिवशी कळंबोलीत नवराही निघाला. नणंद उरणजवळ मोऱ्याला असते, सासूबाईंना तिच्याकडे पाठवावं असं ठरत होतं, तर तिच्याही घरात दोन माणसं तापानं पडलेली. नवरा फोनवर रडवेला झाला. "आये एकटी कशी राहील? पडली तर?" मी बेडरूममध्ये, दार बंद करून. बेडरूमला बाथरूम आहे, तेवढं बरं होतं. सासूबाई हॉलमध्ये. त्यांनी नवऱ्याला फोनवर सांगितलं, "मी कुठं जात नाय. हिला कोन बघंल?"

मला हसू आलं त्या तापातही. मला बघणार कोण, तर ज्यांना पाण्याचा पेला दोन हातांनी धरावा लागतो त्या.

व्यवस्था अशी ठरली. खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी डबा आमच्या दाराच्या कडीला अडकवून बेल वाजवतील आणि निघून जातील. सासूबाई दार उघडून डबा आत घेतील, त्यांचं वाढून घेतील आणि माझा डबा पट्टीच्या अलीकडे ठेवलेल्या स्टुलावर ठेवून लांब गॅलरीत जाऊन बसतील. मग मी मास्क लावून बाहेर यायचं आणि डबा घेऊन परत जायचं. कुणी पट्टी ओलांडायची नाही. मी नाही, त्याही नाहीत. मी दाराआडून ओरडून हे तीनदा सांगितलं. "तू नको सांगू," बाहेरून आवाज आला. "पट्टीचं मना ठाव हाय."

पहिले काही दिवस तसं चाललं. डब्याला कडी होती म्हणून त्यांना तो धरता यायचा. मी दाराला कान लावून त्यांची पावलं ऐकायची. घासत येणारी पावलं, स्टुलावर डबा टेकल्याचा आवाज, मग वळण्याची बारीक पावलं. ती मला पाठ झाली होती. ती ऐकली की मला बरं वाटायचं, तापाच्या गोळीपेक्षा जास्त.

मग एक दिवस माझा ताप चढला आणि उतरेना. डोकं उचलवत नव्हतं. बेल वाजलेली ऐकली, दार उघडल्याचं ऐकलं, स्टुलावर डबा टेकला तेही ऐकलं. त्या वळून गेल्या. मला उठायला हवं होतं. मी पाय खाली सोडले आणि पुन्हा पडले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. गॅलरीतून हाक आली. "जेवलीस का बाय?" मला ओ देता आली नाही. पुन्हा हाक आली, या वेळी जवळून. मी डोळे मिटून पडले होते आणि फोन कुठं पलंगाखाली वाजत होता.

मग पावलं आली. घासत, स्टुलापर्यंत. तिथं थांबली.

मी ऐकत होते. त्या पट्टीशी उभ्या होत्या. पुढचं मला माहीत होतं, आता वळतील. वळण्याची पावलं आली नाहीत. बराच वेळ काहीच आलं नाही. डब्याच्या कडीचा बारीक खडखडाट तेवढा येत होता, म्हणजे डबा त्यांच्या हातात होता. मला ओरडायचं होतं की येऊ नका, इकडे येऊ नका, तुम्हाला काही झालं तर मी काय करू. आवाज फुटला नाही. घशातून नुसती हवा आली. आणि मग पॅसेजमध्ये, जिथं पट्टी आल्यापासून त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं तिथं, एक पाऊल वाजलं. मग दुसरं. पॅसेज अरुंद आहे, असल्याच जागेत त्यांचे पाय धरतात. ते धरले नाहीत. दारापाशी डबा टेकला.

"उठ बाय. दोन घास खा," दारापलीकडून आवाज आला. "मी चालले."

अंगात कुठून बळ आलं माहीत नाही. मी भिंत धरून उठले, मास्क ओढला, आणि दार बोटभर उघडलं. डबा उंबऱ्याशी होता. त्या पाठमोऱ्या जात होत्या. अरुंद पॅसेजमध्ये एकट्याच वळल्या होत्या आणि भिंतीला बोटं लावून परत निघाल्या होत्या. पट्टीशी आल्या, थांबल्या. त्यांनी पाऊल उचललं, चांगलं उंच, मी वॉर्डात करून दाखवते त्याहून उंच, आणि पट्टी ओलांडून हॉलच्या बाजूला टाकलं. मग दुसरंही.

मग देवघराकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. मी दार उघडून बघतेय हे त्यांना ठाऊक नव्हतं. देवाला त्या हळू आवाजात, जरा दटावूनच म्हणाल्या, "माझं मानूस पलीकडं हाय. उद्या पन् जानार हाय मी. तू काय बोलू नको."